ख्रिस्ती विश्वास आणि आपलं मत: ठाणे–नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ इथल्या तरुण संघांत आणि महिला मंडळांत एखादा रविवार या विषयाला दिला जातो. अशा बैठकांत तेच ते प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत. कोणत्याही मंडळीची, धर्मप्रांताची किंवा पक्षाची भूमिका म्हणून ती वाचू नयेत. विचारणाऱ्यांत कॅथलिक होते, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) होते, मेथडिस्ट आणि पेंटेकॉस्टलही होते, त्यामुळे कुठे ‘फादर’ आलं आहे, कुठे ‘पाळक’.

आपलं नागरिकत्व स्वर्गातलं आहे, असं पौल म्हणतो. मग ख्रिस्ती माणसाने राजकारणात डोकं का घालावं?

पौलाने हे ज्या गावच्या मंडळीला लिहिलं, त्याच फिलिप्पैमध्ये त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, गुपचूप सोडून द्या. पौल हटून बसला. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघड मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा, म्हणाला. पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. स्वर्गाचं नागरिकत्व सांगणारा हा माणूस पृथ्वीवरचे कागद नीट वापरत होता.

आणि राजकारणाबाहेर राहायची सोय तरी कुठे आहे? दिव्यात कचरा कुठे टाकायचा, घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांना पाणी कुठून द्यायचं, येऊरच्या पायथ्याशी किती बांधू द्यायचं, हे कोणीतरी ठरवतंच. आपण गप्प बसलो तर आपल्याशिवाय ठरवतं. यिर्मयाने बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलं होतं, त्या नगराचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. आणि ते नगर तर शत्रूचं होतं.

मग आपल्या विश्वासाशी जुळणारा पक्ष कोणता?

असा पक्ष नाही. कोणी आहे म्हणून सांगितलं, तर त्याला त्या पक्षात काय मिळणार आहे ते आधी विचारा.

येशूच्या बारा जणांत मत्तय होता, रोमी सत्तेसाठी जकात गोळा करणारा, आणि शिमोन जिलोतही होता. जिलोत या नावामागे रोमला उलथवण्याची आग होती. दोघांना एकाच ताटात जेवायला बसवणाऱ्या प्रभूने त्यांच्यापैकी कोणाचाही जाहीरनामा उचलला नाही.

विश्वास पक्ष देत नाही, पण प्रश्न देतो आणि त्यांचा क्रमही लावून देतो. माझ्या मते पहिला प्रश्न असा: या निर्णयाने सर्वांत दुबळ्या माणसाचं काय होईल? संदेष्टे पुन्हा पुन्हा विधवा, अनाथ, परका आणि मजूर या चौघांवर येतात, ते उगाच नाही. हातात जमीन नसलेली, दरबारी ओळख नसलेली ही माणसं. आज आपल्याकडे नाक्यावर उभे राहणारे मजूर, भाडेकराराशिवाय राहणारी कुटुंबं, कंत्राटी सफाई कामगार ही त्यांची नावं. दुसरा प्रश्न: सत्तेवर लगाम आहे का? इस्राएलने राजा मागितला तेव्हा शमुवेलाने आधीच सांगून ठेवलं होतं, तो तुमची मुलं घेईल, शेतं घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. तिसरा प्रश्न: हे खरं आहे का? आणि मग चौथ्या-पाचव्या क्रमांकावर कुठेतरी: यात आपल्या लोकांचं काय?

तो प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर का? आपण आपल्या समाजाचा विचार नाही करायचा, तर कोण करणार?

यावर बैठकीत हमखास आवाज चढतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समाजाच्या मागण्या खोट्या नाहीत. दफनभूमीला जागा कमी पडते, हे ठाण्यात आणि नवी मुंबईत कोणीही सांगेल. दुःखाच्या दिवशी माणसाने शरीर घेऊन कुठे फिरायचं? ही मागणी हक्काची आहे, मागावी, लेखी मागावी, पाठपुरावा करावा. पण तेवढंच मागणारा समाज हळूहळू छोटा होत जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्याही आत. इतके थोडके लोक ‘आमचं काय’ एवढंच विचारत राहिले तर नेते त्यांना नाताळच्या शुभेच्छांचा बॅनर लावून देतात आणि पुढे जातात. (बॅनरवर सांताक्लॉज असतो, बाळ येशू नसतो, ते जाऊ द्या.)

घटना समितीत हाच प्रश्न आला होता. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा असाव्यात का, यावर त्यांनी नको अशी भूमिका घेतली. मद्रासहून आलेले जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसोझा यांचाही कल वेगळ्या राजकीय कप्प्याऐवजी सर्वांना सारख्या मूलभूत हक्कांकडे होता. १९४९ मध्ये त्या जागांची तरतूद गळली. हा सौदा आतबट्ट्याचा ठरला, असं म्हणणारे आजही आपल्यात आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. विधानसभेत आपला माणूस नसतो, हे खरं. तरीही मला मुखर्जींची बाजू पटते. ‘आपला माणूस’ निवडून आला की आपण त्याच्याकडून चर्चची भिंत मागतो. ‘चांगला माणूस’ निवडून आला की वस्तीला नळ मिळतो, आणि वस्तीत आपलीही घरं असतात.

काका बॅप्टिस्टांचं उदाहरण मला त्यासाठीच आवडतं. जोसेफ बॅप्टिस्टा माझगावच्या माथारपाखाडीचे, ईस्ट इंडियन कॅथलिक. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले, मजुरांच्या संघटना बांधल्या, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. गिरणगावातल्या कामगाराने त्यांना ‘ख्रिश्चनांचे पुढारी’ म्हणून ओळखलं नाही, त्याने ‘काका’ म्हटलं.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आजच्या धोरणांबद्दल काय सापडणार?

एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करू द्यायचं ते प्रमाण, किती असावा, हे सापडणार नाही. पण नाबोथाची गोष्ट काढून वाचा, राजे पहिलं पुस्तक, अध्याय २१. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा द्राक्षमळा हवा असतो. तो बळजबरी करत नाही, रीतसर देकार देतो: बदल्यात दुसरा चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. आजच्या भाषेत मोबदला बाजारभावाने. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा रुसून अंथरुणावर पडतो. पुढचं काम राणी ईजबेल करते, आणि तेही कागदावर: राजाच्या शिक्क्याची पत्रं, गावच्या वडीलधाऱ्यांची सभा, दोन साक्षीदार, रीतसर आरोप. सगळी प्रक्रिया पाळून नाबोथाला दगडमार होतो. संदेष्टा एलीया येतो तेव्हा राजाला विचारतो, खून करून वर ताबाही घेतलास काय?

ही गोष्ट आपल्या भागात बसून वाचली की वेगळी लागते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली. ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर जगणारे आगरी-कोळी लोक ‘प्रकल्पग्रस्त’ झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून मिळवलेली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देणारी योजना ही त्या रक्ताची किंमत आहे. आपल्यापैकी अनेक ख्रिस्ती कुटुंबं अहिल्यानगर, जालना, सोलापूर, केरळ, मंगळूरहून येऊन वाशी-नेरुळच्या सिडको घरांत राहिली. आपली चर्चही त्याच जमिनीवर उभी आहेत. यातून कोणी अपराधी वाटून घ्यावं, असं मी म्हणत नाही. पण भूसंपादनाच्या कायद्यावर मत बनवताना, मोबदला दिला म्हणजे प्रश्न मिटला, असं म्हणायची मुभा नाबोथाची गोष्ट आपल्याला ठेवत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधितांची संमती आणली. ही कलमं सैल करायचा प्रस्ताव आला की कोणत्या पक्षाने आणला हे न पाहता त्याकडे संशयाने पाहावं, असं मला वाटतं.

शेजारच्या वसईत हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी बिल्डरांच्या आणि गुंडांच्या दहशतीविरुद्ध आवाज उठवला तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यातच होती. विहिरी, वाड्या, झाडं वाचवायला बाहेर पडलेल्या त्या माणसांत सगळ्या धर्मांचे लोक होते.

रोमकरांस १३ मध्ये अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं स्पष्ट लिहिलं आहे. मग सरकारवर टीका करणं पाप नाही का?

त्याच नव्या करारात प्रकटीकरण १३ आहे, तिथे सत्ता हे समुद्रातून वर येणारं श्वापद आहे. आणि प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये पेत्र न्यायसभेला तोंडावर सांगतो, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. तिन्ही एकत्र वाचायचं. शिवाय पौल अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. सेवकाला हिशेब विचारता येतो. आपल्या देशात तर राज्यघटना ही सगळ्यांवरची सत्ता आहे, तेव्हा घटनेच्या चौकटीत मंत्र्याला जाब विचारणं हीच अधीनता.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या प्लेगच्या वेळी पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे काय हाल होतात ते वृत्तपत्रातून उघड लिहिलं. सरकार ब्रिटिशांचं होतं, म्हणजे लोकांच्या नजरेत ‘तिच्याच धर्माचं’. तिने भीड ठेवली नाही. आणीबाणीत अनेक चर्चपुढारी गप्प होते किंवा शिस्तीचं कौतुक करत होते, तेव्हा केरळचे एम. एम. थॉमस लिहून विरोध करत राहिले. त्याआधी ते जागतिक चर्च परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते, पुढे नागालँडचे राज्यपाल झाले.

तळोजा कारागृह आपल्या दाराशी आहे. तिथे एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी होते, पार्किन्सनने हात थरथरणारे, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मागणारे. ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी, खटला उभा राहण्याआधीच ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल तुमचं मत काहीही असो, ‘मी बंदिवासात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात’ हे वाक्य कैदी दोषी की निर्दोष, असं विचारून थांबत नाही. जामीन, खटल्यांना लागणारा वेळ, कच्च्या कैद्यांची गर्दी हे ख्रिस्ती मतदाराचे प्रश्न असायला हवेत. प्रचारात मात्र ते कोणीच काढत नाही.

पाळकांनी किंवा फादरांनी अमुक उमेदवाराला मत द्या असं सांगावं का?

नाही. कायदाही तेच सांगतो. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा १९८८ पासून आहे. चर्च, मंदिर, मशीद, गुरुद्वारा, कोणत्याही धर्मस्थळाचं आवार किंवा पैसा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणं भ्रष्ट आचरण ठरतं. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, त्यात मतदाराचा धर्मही धरला. ते प्रकरण सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचं होतं, लांबचं नाही.

कॅथलिकांसाठी चर्चचा स्वतःचाही नियम आहे: १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्मगुरूंनी सत्तापद घेऊ नये, पक्षात सक्रिय होऊ नये. हे क्षेत्र प्रापंचिकांचं, म्हणजे तुमचं-माझं.

पण मतदानाला जा असं सांगणं, लाच घेऊ नका असं सांगणं, गरिबांवरच्या अन्यायाविरुद्ध बोलणारा संदेष्टा आमोस वाचून त्यावर बोलणं, यात गैर काही नाही. आमोस नीट वाचला तर उमेदवाराचं नाव घ्यायची गरज पडत नाही.

उमेदवार चर्चच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देतो म्हणतो. घ्यायचे का?

निवडणुकीच्या तोंडावर? नको. नगरसेवक निधीतून रीतसर मंजूर झालेलं सार्वजनिक काम असेल तर गोष्ट वेगळी, ते कोणाचे उपकार नसतात. स्वतःच्या खिशातून दिलेला ब्लॉक मात्र पुढची पाच वर्षं बोलत राहतो. त्या माणसाने उद्या वस्तीवर अन्याय केला तर तुमची कार्यकारिणी त्याच ब्लॉकवर उभी राहून काय बोलणार?

पाकिटाचंही तेच. ‘त्यांचं घेतलं, मत आमच्या मनाने दिलं’ असं सांगणारे भेटतात, जरा अभिमानानेच सांगतात. लाच देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार आहेत, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि घेऊन फसवलं, हे प्रभूपुढे कोणत्या तोंडाने सांगायचं?

धर्मांतरविरोधी कायद्यांबद्दल आपलं मत काय असावं?

आधी वस्तुस्थिती. असे कायदे नवे नाहीत. ओडिशाचा १९६७ चा आहे, मध्य प्रदेशचा पहिला १९६८ चा होता. घटनेचं कलम २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे.

माझं मत: जबरदस्तीने किंवा आमिषाने बाप्तिस्मा देणं आपल्याच शिकवणुकीप्रमाणे चूक आहे, आणि आपल्यातला कोणी तसं करत असेल तर त्याला आपणच आधी अडवावं. पण सज्ञान माणसाने कोणाची प्रार्थना करावी यासाठी आधी कलेक्टर कचेरीत नोटीस द्यायची, आणि मग गावाने त्यावर हरकत घ्यायची, हे मला मान्य नाही. सदसद्विवेक सरकारी शिक्क्याने चालत नाही. हे मी फक्त ख्रिस्ती होणाऱ्यासाठी म्हणत नाही. उद्या आपल्या घरचं पोर दुसरा धर्म घेईल, किंवा कोणताच धर्म नको म्हणेल, तेव्हाही हेच म्हणावं लागेल. तिथे बैठकीत शांतता पसरते.

दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा का?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढायची शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला.

धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली नाही, तर कायद्याने ती विसरल्याचं सोंग घेऊ नये. मागणी रास्त आहे. मात्र ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही’ आणि ‘आम्हाला जातीमुळे भोगावं लागतं’ ही दोन्ही वाक्यं एकाच व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी मंडळीतल्या लग्नांची यादी एकदा काढून बघावी. कोण कोणाच्या घरी सोयरीक करतं, ते तिथे स्वच्छ दिसतं.

यूट्यूबवरचे अमेरिकन पास्टर सांगतात त्या मुद्द्यांवर आपणही मतदान करावं का?

त्यांची यादी त्यांच्या देशातल्या भांडणांतून तयार झाली आहे. गर्भपाताचंच घ्या. आपल्याकडे १९७१ पासून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि त्यावर आपल्याकडचे पक्ष एकमेकांशी भांडत नाहीत. गर्भातल्या जिवाची काळजी असेल तर पोटातली मुलगी म्हणून पाडली जाते त्याविरुद्ध, आणि आदिवासी पाड्यावरच्या गरोदर बाईला रुग्णवाहिका मिळावी म्हणून बोलू. उसन्या यादीत नेमकं तेच नसतं.

चर्चवर हल्ला झाल्याचे मेसेज येतात. पुढे पाठवावेत का?

ठिकाण, तारीख आणि बातमी कोणी दिली हे सापडलं तरच. हल्ले होतात, हे खरं आहे, आणि म्हणूनच जुना किंवा परदेशातला व्हिडिओ ‘कालचा’ म्हणून फिरवू नये. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा बोटाने पाठवलेल्या साक्षीलाही लागू आहे. दुसऱ्या समाजाबद्दलचे भडक मेसेज आपल्या ग्रुपवर सहज चालतात. त्यांनाही हीच चाळणी लावा.

आमच्या घरी पप्पा एका बाजूचे, मी दुसऱ्या. जेवताना रोज वाद होतो.

वाद होऊ द्या, जेवण थांबवू नका. पप्पांना एकदा विचारून बघा, त्यांनी पहिल्यांदा त्या पक्षाला मत का दिलं होतं. बऱ्याचदा उत्तरात बंद पडलेली कंपनी, गेलेली नोकरी, कोणीतरी रात्री धावून आलेला शाखेतला किंवा युनियनमधला माणूस निघतो. मत पटणार नाही, पण कळेल.

सगळेच उमेदवार नकोसे असतील तर?

२०१३ पासून नोटा, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण, आहे. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो, हे माहीत असू द्या. मला विचाराल तर नोटा हा शेवटचा पर्याय. ‘पापरहित’ उमेदवार शोधायला आपण पोपची निवड करत नाही, पाच वर्षांसाठी कामाला माणूस ठेवतो. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं असतं, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतं. वाचा आणि त्यातल्या त्यात बरा निवडा.

महापालिकेत आणखी एक सोय आहे, ती लोक वापरत नाहीत. प्रभाग बहुसदस्यीय असला तर एकाच मतदाराला प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देता येतं. ‘पॅनेल टू पॅनेल’ बटण दाबायची सक्ती नाही. एका पक्षाची कामसू बाई आणि दुसऱ्या पक्षाचा प्रामाणिक माणूस, दोघांनाही मत देता येतं.

कळव्याहून उलव्याला राहायला गेलो. मतदार ओळखपत्र जुनंच आहे. चालेल?

ओळखपत्र हातात असून उपयोग नाही, नाव त्या ठिकाणच्या यादीत हवं. पत्ता बदलला की फॉर्म ८ भरायचा, ऑनलाइन किंवा तिथल्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे. पहिल्यांदा नाव घालायचं असेल तर फॉर्म ६. अठरा वर्षं मोजण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तरुण संघाने एखाद्या साध्या रविवारी, उपासनेनंतर, मोबाइल घेऊन बसावं आणि सगळ्यांची नावं यादीत तपासावीत. आजी-आजोबांची आधी, कारण पुनर्विकासात इमारत पाडली गेल्यावर त्यांचीच नावं जास्त गळतात. शेजारच्या इमारतीतलं कोणी विचारायला आलं, तर त्यांचंही बघून द्या.